फ्यूजच्या जागी बल्ब लावणाऱ्या मेस्त्रींना

आदरणीय मेस्त्री,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. पण म्हापशात ज्याच्या दुचाकीची वायरिंग कधी बिघडली असेल तो तुम्हाला बरोबर ओळखेल. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर तुम्ही माझी गाडी पुन्हा रस्त्यावर आणलीत, त्याचे आभार आहेतच. चार लोकांसमोर हे लिहितोय ते मात्र ज्या पद्धतीनं आणलीत तिच्यासाठी.

माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांचा, बाजार भरतो तेव्हा आम्हा पायलटांना, म्हणजे गोव्यात दुचाकीवरून भाड्यानं माणसं नेणाऱ्यांना, उसंत नसते. नारळ, आंबाडे, सुपारीचे घोस, केळीचे घड घेऊन लोक उभे असतात. कुणाला शिवोलीला जायचं असतं, कुणाला कामुर्लीला, कुणाला अस्नोड्याला. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या गाडीचा फ्यूज उडायला लागला. नवा घातला की गाडी झकास चालायची आणि कुठल्यातरी वळणावर इंजिन, लाईट, हॉर्न सगळं एकदम बंद. एका आजींना माटोळीच्या सामानासकट भर पावसात रस्त्याच्या कडेला उतरवावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते फार लागलं.

तुमच्याकडे येईपर्यंत एका गॅरेजात बॅटरी बदलून झाली होती. फ्यूज पुन्हा उडाला तेव्हा तिथं अख्खी वायरिंग बदलायला सांगितलं. स्टँडवर कुणी म्हणालं ३० अँपिअरचा फ्यूज घाल, कुणी म्हणालं सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळ. हे सांगितल्यावर तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत. फ्यूज उडतो तो वायर वाचावी म्हणून, म्हणालात. १५ च्या जागी ३० चा घातला तर शॉर्ट आहे तिथंच राहतो आणि फ्यूजच्या आधी वायर तापते, आणि ती वायर जाते पेट्रोलच्या टाकीखालून. हे प्रत्येक पायलटानं ऐकायला हवं. ज्यांच्या गाडीत आज चांदी गुंडाळलेली आहे त्यांनी तर हे पत्र इथंच थांबवून आधी ती काढावी.

मी घाई करत होतो. तुम्ही म्हणालात, "राव मरे, पयलीं पळोवया." (थांब रे, आधी पाहूया.) मग मीटर लावलात. गाडी बंद असताना बॅटरी १२.७ व्होल्ट. नवा फ्यूज घालून इंजिन चालू केलंत, रेस वाढवलीत, तर १४.२. म्हणजे बॅटरी धडधाकट आणि चार्जिंगही ठीक. रेस देऊनही आकडा १३ च्या खाली राहिला असता तर इंजिनावर वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोची कॉइल आणि तिचे जोड तपासले असते, १५ च्या वर गेला असता तर व्होल्टेज काबूत ठेवणारं आरआर युनिट. दोन मिनिटांत दोन महागड्या वस्तू संशयातून सुटल्या. बॅटरी बदलायच्या आधी हेच कुणी केलं असतं तर!

पुढचं तर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तुम्ही फ्यूज काढलात आणि त्याच्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांना जुन्या ब्रेकलाईटचा २१ वॅटचा बल्ब जोडलात. शॉर्ट असला की हा बल्ब पूर्ण पेटतो, पण त्यातून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही, म्हणून वायरीला धोका नाही आणि फ्यूजमागून फ्यूजही जाळावे लागत नाहीत. हेडलाईटच्या करंटनं बल्ब पेटू नये म्हणून तिचा सॉकेट सोडवून चावी फिरवलीत. बल्ब मंद. मग मला हँडल फिरवायला सांगितलंत. उजवीकडे फिरवलं, मंदच. डावीकडे फिरवलं आणि बल्ब भक्कन पेटला. सरळ केलं, पुन्हा मंद. एवढे दिवस जो बिघाड फक्त कुठल्यातरी वळणावर यायचा, तो तुमच्या दुकानात माझ्या हाताच्या इशाऱ्यावर येत-जात होता.

हँडलच्या मानेपाशी मोबाईल चार्जर बसवणाऱ्यानं केबल टाय इतका घट्ट आवळला होता की वायरींचा जुडगा लोखंडी पट्टीच्या कडेवर घासत होता. काळ्या वायरीचं आवरण गेलं होतं, आतलं तांबं जंगार चढून हिरवं पडलं होतं आणि पट्टीवर रंग उडून बारीकसा काळा डाग पडला होता. तुम्ही तो डाग नखानं दाखवलात. होंडा-हिरोच्या गाड्यांत हिरवी वायर अर्थिंगची आणि काळी चावीनंतरच्या सप्लायची, पण यामाहात काळीच अर्थिंगची असते, म्हणून रंगावर जाऊ नये, हेही तेव्हाच सांगितलंत.

कुजलेला तुकडा कापून तुम्ही तेवढ्याच जाडीची वायर डाख देऊन जोडलीत, वर स्लीव्ह चढवलीत, जुडगा जरा सैल ठेवून बांधलात. मग बल्ब तसाच ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत कितीतरी वेळा फिरवलंत. बल्ब एकदाही भडकला नाही, तेव्हा कुठं १५ चा फ्यूज बसवलात. न सांगता बाकीचे सॉकेटही उघडून पाहिलेत, कारण आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात एका जोडाला जंगार चढला तर शेजारच्यालाही चढलेला असतो. ते साफ करून ग्रीस लावलंत. शेवटी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनला लावून सेल्फ मारायला सांगितलंत. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगचा जोड खराब समजायचा. माझा ठीक निघाला.

एवढं करून मजुरी सांगताना तुम्हीच अडखळलात. अख्खी वायरिंग विकून तुम्हाला बरेच पैसे मिळाले असते आणि मी ते निमूट दिलेही असते, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून तुमचं ऋण मला मोठं वाटतं.

आता एक विनंती. आमच्या स्टँडवर नवीन पोरं आली आहेत. कर्ज काढून गाड्या घेतल्यात आणि फ्यूज उडाला की सांगेल ती वस्तू बदलतात. चवथ आटोपल्यावर एखाद्या रविवारी तासभर याल का, तो बल्ब घेऊन? न्यायला मी येईन, दुपारचं जेवण आमच्या घरी. होय म्हणालात तर पोरांना मी आजच सांगून ठेवतो.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
म्हापसा स्टँडवरचा एक पायलट