दुरुस्त्यांचीही बातमी द्यावी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञान पानावर नवे मोबाइल, नवी ॲप्स आणि सायबर फसवणुकीचे प्रकार यांविषयी नियमित वाचायला मिळते, आणि ते उपयुक्तच असते. परंतु जी साधने वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करीत आहेत, त्यांच्यात झालेल्या दुरुस्त्यांविषयी मात्र चार ओळीही क्वचितच येतात. अशी एक दुरुस्ती वेळेवर न कळल्याने आमच्याकडे काय घडले, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा मी सांभाळतो. आमच्या सर्व संगणकांवर डेबियन ही लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली आहे. डेबियनमध्ये सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रूपात मिळते; ते बसवायचे किंवा काढायचे, तर ते काम ‘ॲप्ट’ नावाचा पॅकेज मॅनेजर करतो. पॅकेज उलगडून जागच्या जागी ठेवण्याचे काम त्याच्या खालच्या ‘डीपीकेजी’चे; कोणत्या पॅकेजला आणखी कोणती पॅकेजे लागतात, ती कोठून उतरवून घ्यायची आणि एकमेकांशी न जुळणारी कोणती काढायची, हे ठरवण्याचे काम ॲप्टचे. १९९९ सालच्या डेबियन २.१ पासून ते त्याच्याकडे आहे, आणि डेबियनवर बेतलेल्या उबुंटूसारख्या प्रणालींमध्येही तोच वापरला जातो.

दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला सर्किट आरेखनाचे एक सॉफ्टवेअर हवे होते. कोणत्या तरी संकेतस्थळावरून तिने दुसऱ्याच प्रणालीसाठी दिलेला भांडाराचा (जेथून पॅकेजे उतरवली जातात त्या साठ्याचा) पत्ता उतरवून घेतला आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकण्याच्या खिडकीत, ॲप्टला कमांड दिली. पडद्यावर पॅकेजांच्या नावांचा पांढऱ्या अक्षरांतला सलग परिच्छेद आला. काय बसवले जाणार आणि काय काढले जाणार, हे सारे एकाच रंगात, एकाच ठशात होते. काढायच्या नावांत अख्खा डेस्कटॉप होता आणि लॉगिनचे पॅकेजही होते. त्याखाली इंग्रजीत इशारा होता आणि पुढे जायचे असल्यास ‘येस, डू ॲज आय से!’ (‘होय, मी सांगतो तसेच कर!’) हे वाक्य जसेच्या तसे टंकण्याची सूचना होती. तिने ते उद्गारचिन्हासकट काळजीपूर्वक टंकले. दहा मिनिटांनी तो संगणक कोणालाच आत घेईना.

मी तिला रागावलो. ‘एवढा इशारा दिला होता, तो वाचायला नको का?’ असे सगळ्यांसमोर बोललो. त्या बोलण्याचा मला आज मनापासून खेद वाटतो, कारण नंतर शोध घेतल्यावर कळले की नेमका हाच प्रकार पूर्वी जगापुढे घडलेला होता आणि त्यावरचा उपायही कधीच झालेला होता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने ‘पॉप ओएस’ या उबुंटूवर बेतलेल्या प्रणालीवर ‘स्टीम’ हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवण्याचा प्रयत्न केला. त्या वेळी भांडारातील पॅकेजांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. ॲप्टने तो गुंता सोडवताना डेस्कटॉपच काढून टाकण्याचा पर्याय पुढे ठेवला, सेबॅस्टियनने तेच वाक्य टंकले आणि त्याच्याही डेस्कटॉपचे तेच झाले. इशारा न वाचणाऱ्याचीच चूक, असे म्हणणारे तेव्हाही पुष्कळ निघाले. ॲप्टची देखभाल करणाऱ्यांनी मात्र आपल्याच साधनाकडे पाहिले. त्याच महिन्यात आलेल्या २.३.१२ या आवृत्तीत त्यांनी दोन बदल केले. दुसरे काही बसवण्याच्या नादात अत्यावश्यक, म्हणजे ज्यावाचून प्रणाली नीट चालत नाही असे, पॅकेज काढण्याचा मार्ग ॲप्ट आता सुचवतच नाही; आणि ‘ॲप्ट’ कमांडमधून ते वाक्य टंकून घेणारा प्रश्नच काढून टाकला गेला. कोणाला खरोखरच तसे करायचे असेल, तर त्याला त्यासाठीचा स्वतंत्र पर्याय कमांडमध्ये स्वतः लिहावा लागतो.

माझ्या मते ही दुरुस्ती कोणत्याही नव्या सुविधेइतकीच मोलाची आहे. संगणकापुढे बसणाऱ्याला प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याची सवय लागलेली असते, आणि ती सवय आपण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी व शिकवणाऱ्यांनीच लावलेली आहे. आमचे संगणक ऑगस्ट २०२१ मधील डेबियन ११ वर होते. त्यात ॲप्टची २.२ ही आवृत्ती, म्हणजे दुरुस्तीच्या आधीची. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आले, त्यात हा बदल समाविष्ट होता. ‘चालते आहे ना, मग कशाला हात लावा’ म्हणून आम्ही जुन्यावरच राहिलो. चूक असलीच तर ती आमची होती, त्या मुलीची नव्हे.

जुन्यावर राहण्यात याहून मोठा धोकाही असतो. जानेवारी २०१९ मध्ये मॅक्स जस्टिझ या संशोधकाने ॲप्टमधील एक गंभीर दोष उघड केला होता. भांडाराचा सर्व्हर दुसऱ्या पत्त्याकडे पाठवतो त्या वेळच्या हाताळणीत ती त्रुटी होती, आणि तिचा फायदा घेऊन संगणक आणि सर्व्हर यांच्या वाटेत बसलेला कोणीही संगणकावर सर्वाधिकारांनिशी आपला प्रोग्राम चालवू शकला असता. त्या दोषावरची दुरुस्तीही ॲप्टमार्फतच उतरवायची असल्याने, तेवढ्यापुरते पत्ता बदलणे बंद ठेवून अद्ययावत करा, असे डेबियनला सांगावे लागले होते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सर्व संगणकांवर डेबियन १३ बसवले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत ॲप्ट ३.० आहे. आता नावे स्तंभांत मांडलेली दिसतात, आणि काढली जाणारी पॅकेजे स्वतंत्र शीर्षकाखाली लाल रंगात येतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला त्याच विद्यार्थिनीला मी ‘बॅश’ हे टंकलेल्या कमांड चालवणारे अत्यावश्यक पॅकेज काढण्याची कमांड द्यायला सांगितली. तिने माझ्याकडे दोनदा पाहिले आणि मग एंटर दाबले. ॲप्टने परवानगी नाकारली आणि यामुळे प्रणाली मोडू शकते, एवढे सांगून तो थांबला. गेल्या वेळचे बोलणे मी सगळ्यांसमोर मागे घेतले.

आपल्याला विनंती अशी की, डेबियन वा उबुंटूची नवी आवृत्ती येईल, तेव्हा तिच्यात काय नवे आले याबरोबरच काय दुरुस्त झाले, हेही आपल्या पानावर यावे. शाळा-महाविद्यालयांत संगणक सांभाळणारे माझ्यासारखे अनेकजण इंग्रजी बदलनोंदी वाचत नाहीत; सकाळचे वर्तमानपत्र मात्र वाचतात. तसेच आढळलेला दोष डेबियनला साध्या ईमेलने कळवता येतो व त्याला सर्वांना पाहता येईल असा क्रमांक मिळतो, हेही वाचकांना सांगावे. ॲप्टच्या संदेशांचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे, परंतु नव्या संदेशांची भर त्यात वेळोवेळी घालावी लागते. आमच्या विभागातील चार विद्यार्थ्यांनी इशाऱ्यांची वाक्ये तपासण्याचे काम या सत्रात हाती घेतले आहे. इतर महाविद्यालयांनी उरलेला भाग वाटून घेतल्यास ते लवकर होईल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक संगणक प्रयोगशाळा साहाय्यक, सांगली जिल्हा