मृणे, मी सर्जरी सोडायचं म्हणतेय

प्रिय मृणे,

तब्येत ठीक, पाठ दुखते पण ती इथे सगळ्यांचीच दुखते, आई-बाबा मजेत. हे फोनवर सांगायला घेतलं की तू मध्येच सुरू होतेस म्हणून लिहितेय. मी सर्जरी सोडायचं म्हणतेय. पॅथॉलॉजीसाठी. हो, पॅथॉलॉजी, तू बरोबर वाचलंस. आधी पोटभर हसून घे.

झालं असं की मध्यंतरी आमच्या युनिटला एक राइट हेमिकोलेक्टॉमी झाली, म्हणजे मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला, असेंडिंग कोलनचा कॅन्सर, साधारण आपल्या बाबांच्या वयाचे काका. मी सेकंड असिस्ट, म्हणजे रिट्रॅक्टर धरून उभी. नंतर तो काढलेला भाग, स्पेसिमेन, फॉर्मालिनमध्ये घालून खाली पॅथॉलॉजीत पोचवायला पण मीच. दोन दिवसांनी पोस्ट-ड्युटी झोपायचं सोडून ग्रॉसिंग रूममध्ये, जिथे ते स्पेसिमेन कापून तपासतात तिथे, गेले (हे बरेच दिवस चाललंय, तुला बोलले नव्हते कारण तू लगेच निष्कर्ष काढला असतास). तिथली सीनियर रेसिडेंट वैतागून बसलेली. मेसेंटरीच्या, म्हणजे आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या, चरबीत नऊच लिम्फ नोड सापडले होते आणि कोलनला किमान १२ तरी बघायचे असतात हे तुलाही पाठ आहे, नाहीतर 'नोड निगेटिव्ह', नोडमध्ये कॅन्सर नाही, असं लिहिण्यात काय अर्थ. मी ग्लोव्ह्ज घातले आणि बसले तिच्या शेजारी. चरबीचे पातळ पातळ काप करायचे आणि एकेक काप अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून हळूहळू चोळत जायचं, चरबी दबते, नोड दबत नाही, बोटाखालून सटकतो. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटालाच कळतं. इलिओकोलिक व्हेसल्स, त्या भागाच्या रक्तवाहिन्या, सरांनी टाका घालून कुठे बांधल्या ते मी टेबलवर बघितलं होतं म्हणून तिथून सुरुवात केली, आणि मिळाले गं, मसुराच्या दाण्याएवढे, एकामागून एक, बाराच्या वर गेलो. स्लाइड्स झाल्या आणि त्यातल्या एका नोडमध्ये मेटास्टॅसिस, पसरलेला कॅन्सर, निघाला. एकात! स्टेज दोनची तीन झाली, काकांची केमो सुरू झाली, नाहीतर नुसत्या फॉलो-अपची तारीख घेऊन घरी गेले असते.

त्या सीनियरने मला ती स्लाइड दाखवली. नोडच्या अगदी कडेला, कॅप्सूलच्या खाली, सायनसमध्ये कॅन्सरच्या चारपाच ग्रंथी, काळपट केंद्रकं एकमेकांवर चढलेली, आणि बाकी सगळा नोड अगदी शहाणा, शांत. मी किती वेळ बघत होते देव जाणे. पहिलं अपेंडिक्स एकटीने केलं तेव्हा मी तुला रात्री दोनला उठवून सांगितलं होतं आणि तू शिव्या घातल्या होत्यास, आठवतंय ना, तो आनंद खरा होता पण दुसऱ्या राऊंडपर्यंत ओसरला. हा ओसरतच नाहीये.

आता तू म्हणणार थकली आहेस, झोप काढ. बाबा पण तेच म्हणतात. मी पण आधी तेच धरून चालले होते, म्हणून सुट्टीत घरी होते तेव्हा, पोटभर झोपून उठल्यावर मुद्दाम विचार केला, ओटी आठवून बघितली, आणि मन तेव्हाही खाली ग्रॉसिंगलाच जात होतं. २०२४ मध्ये मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या त्या नॅशनल टास्क फोर्सने रेसिडेंट्सना आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको असं सुचवलं होतं ना, ते उद्या आमच्या युनिटने अक्षरशः पाळलं तरी मी जाईन.

जाणं सोपं नाही ते तुला माहितीच आहे. ब्रँच बदलून मिळत नाही, ट्रान्सफर बंद, म्हणजे राजीनामा, परत नीट पीजीची प्रवेश परीक्षा, परत ते २०० प्रश्न आणि ८०० मार्क, परत काउन्सेलिंग आणि परत पहिल्यापासून तीन वर्षं. सर्जरीचं एकही वर्ष धरत नाहीत. माझी आत्येबहीण अमेरिकेत आहे, ती म्हणाली तिकडे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जागा रिकामी असेल तर डायरेक्टरशी बोलून जाता येतं, काही वेळा आधीच्या कामाचं क्रेडिटही मिळतं, हे ऐकून मी तिच्यावरच चिडले, तिचा काय दोष. वर सीट सोडायचा बाँड, म्हणजे मध्येच सोडलं तर भरायचे पैसे. २०२४ च्या जानेवारीत एनएमसीने, नॅशनल मेडिकल कमिशनने, राज्यांना कळवलं होतं की हे भरमसाठ बाँड काढा, हवं तर एक वर्ष ॲडमिशनला बंदी घाला, पण ठरवायचं राज्यांनी, आणि आमच्याकडे अजून भरावाच लागतो. बाबा म्हणाले पैशाचं मी बघतो. हे ऐकून जास्तच रडू आलं.

पण मला रात्री जागं ठेवतं ते हे पण नाही. आमच्या युनिटला इतके दिवस मी एकटी मुलगी होते. पहिल्या दिवसापासून 'बघू किती टिकतेस' ऐकत आलेय. यंदा एक नवीन जेआर, ज्युनियर रेसिडेंट, आलीये, बारीकशी, हात इतका सुरेख आहे तिचा की इंटेस्टाइनला हात लावते तेव्हा मी बघत राहते. मी गेले की तिला काय ऐकायला लागणार? 'आधीची पण पळाली, तू कधी?' हे वाक्य तिच्या पाठीवर मी टाकून जाणार. तिच्याशी बोलले, ती म्हणाली ताई तुम्ही जा, माझं मी बघेन, पण हे बोलताना ती खाली बघत होती. तिच्यासाठी थांबू का? असं कुणासाठी थांबता येतं का, तूच सांग, कारण तू तुझ्या धाकटीसाठी थांबली होतीस आणि त्याबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही.

आणि चॉईस फिलिंगच्या, ब्रँचची पसंती भरायच्या, रात्रीचं भांडण उकरू नकोस. तू 'मी म्हटलं होतं' म्हणणार हे मला दिसतंय. तू यादीत पॅथॉलॉजी सर्जरीच्या वर टाक म्हणालीस ती माझी पाठ आणि लग्न बघून, आणि त्याबद्दल मी तेव्हा चिडले ते आजही मला बरोबरच वाटतं! सर्जरी घेतली म्हणून तर काकांच्या व्हेसल्सवरचा तो टाका कुठे होता ते मला माहिती होतं. चिंगीला विचार, ती त्या रात्रीची साक्षीदार आहे, जरी अर्धा वेळ घोरत होती.

तुझं काय? थीसिसचा सिनॉप्सिस पास झाला का? काकूंच्या गुडघ्याचं काय ठरलं? आणि त्या नेफ्रोवाल्या किडनीच्या डॉक्टरला हो म्हण नाहीतर नाही म्हण, किती दिवस क्रिॲटिनिनवर गप्पा मारणार आहात दोघं.

सरांना या शनिवारी सांगणार आहे. त्याच्या आधी तुझं उत्तर हवंय, त्या नवीन मुलीबद्दलचं, बाकीचं माझं ठरल्यात जमा आहे. आणि तुझ्या पॅथॉलॉजीच्या नोट्स, त्या हिरव्या वहीतल्या, कुणाला दिल्या असशील तर परत माग. अक्षर कळत नाही तुझं पण डायग्राम चांगले आहेत.

तुझी,
सई