टेक्सासची परीक्षा कशासाठी

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही जरा चिडूनच विचारलंत, "कोलोराडोचं जमीन मोजणीचं लायसन्स आहे ना तुझ्याकडे? मग टेक्सासला पुन्हा परीक्षा कशाला? देश तर एकच!" फोनवर मला धड सांगता आलं नाही. आणि आई, तू काहीच बोलली नाहीस, म्हणजे तुला वाटतंय की बाहेरची म्हणून माझी अडवणूक चाललीय. तसं अजिबात नाही गं. कोलोराडोत जन्मलेल्या सर्वेअरलाही हेच करावं लागतं.

आपल्याकडे भूमी अभिलेखचा मोजणीदार येतो, हद्द दाखवून देतो. इथे खासगी जमिनीची हद्द लायसन्सधारक सर्वेअर ठरवतो. नकाशावर त्याची सही, त्याचा शिक्का, आणि पुढे वाद झाला तर जबाबदारीही त्याचीच. हे लायसन्स केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचं बोर्ड देतं. इंजिनिअर आणि सर्वेअर दोघांनाही लायसन्स लागेल असा पहिला कायदा 1907 साली वायोमिंगने केला. तिथे पाण्याच्या हक्कांसाठी अर्ज यायचे आणि त्यासोबतच्या नकाशांवर कुणीही उठून सर्वेअर म्हणून सही करायचा. ते थांबवायला तो कायदा आला, मग हळूहळू बाकीच्या राज्यांनीही आपापले कायदे केले.

माझं आधीचं काही वाया गेलेलं नाही. एनसीईईएस ही सगळ्या राज्यांच्या बोर्डांची मिळून संस्था आहे. तिच्या दोन्ही मोठ्या परीक्षा, एफएस (मोजणीची मूलतत्त्वं) आणि पीएस (प्रत्यक्ष व्यवसायाची), मी पास झालेय, त्या पुन्हा द्यायच्या नाहीत. भारतातल्या डिग्रीचं मूल्यांकन, अनुभवाचे दाखले, वरिष्ठांची शिफारसपत्रं हे सगळं तिथे एका रेकॉर्डमध्ये ठेवलेलं आहे आणि तेच टेक्सासच्या बोर्डाकडे जातं. दाखले गोळा करताना जुन्या साहेबांना शोधणं तेवढं जड गेलं. ते निवृत्त होऊन दुसरीकडे राहायला गेलेत. पण सापडले, आणि लगेच लिहूनही दिलं त्यांनी.

उरली ती टेक्सासची स्वतःची परीक्षा. बाबा, ती का हवी हे तुम्हाला सांगायचंय, कारण तुम्ही आयुष्यभर बांधाचे तंटे जवळून पाहिलेत.

कोलोराडोची बहुतेक जमीन चौकटींत आखलेली आहे. 1785 च्या कायद्याने ही पद्धत सुरू झाली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे 36 भाग, प्रत्येक भाग साधारण एक चौरस मैलाचा, म्हणजे 640 एकर. मोजायला 66 फुटांची साखळी. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे बरोबर अर्ध्या साखळीचा चौरस! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

टेक्सासला ही चौकट नाहीच. ते आधी स्पेनच्या, मग मेक्सिकोच्या ताब्यात होतं, 1836 पासून स्वतंत्र देश होतं, आणि 1845 साली अमेरिकेत आलं ते आपली सरकारी जमीन स्वतःकडे ठेवूनच. त्यामुळे केंद्राची आखणी तिथे झाली नाही. जुन्या सनदांमध्ये माप असतं व्हारामध्ये. एक व्हारा म्हणजे 33 पूर्णांक एक तृतीयांश इंच, 36 व्हारा झाले की 100 फूट. आपल्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तसं तिथे ओढा, झाड, शेजाऱ्याचा कोपरा अशी वर्णनं. झाड केव्हाच पडलेलं असतं, ओढ्याने वाट बदललेली असते. मग ऑस्टिनच्या जनरल लँड ऑफिसमधली मूळ मोजणीची टिपणं काढायची, पहिला सर्वेअर कुठून कसा गेला ते जमिनीवर शोधायचं. दोन सनदा एकमेकींवर चढल्या तर सहसा जुनी मोजणी वरचढ ठरते. खूण आणि लिहिलेलं अंतर जुळलं नाही तर साधारणपणे खुणेला मान, आणि क्षेत्रफळाचा आकडा सगळ्यात शेवटी. नदीकाठच्या हद्दीचा तर वेगळाच नियम आहे, तो रेड नदीच्या वादात 1923 साली सुप्रीम कोर्टात ठरला.

यातलं कोलोराडोत मला कधी लागलंच नाही. हे न शिकता मी तिथे कुणाच्या कुंपणाची रेषा ठरवली असती, तर त्या माणसाची जमीन गेली असती आणि त्याला कळलंही नसतं. त्यामुळे बोर्ड मला हे विचारतंय ते मला योग्यच वाटतं. उलट न विचारता शिक्का हातात दिला असता तर माझा त्या बोर्डावर विश्वास बसला नसता.

परीक्षा होईपर्यंत काम थांबणार नाही. ऑस्टिनच्या नव्या ऑफिसात टेक्सासचं लायसन्स असलेल्या सर्वेअरच्या हाताखाली मी मोजणी करीन, नकाशे काढीन. सही-शिक्का मात्र त्यांचा. पगारात थोडा फरक पडेल, पण जावयांची नोकरी तिथे पक्की झालीय, तेव्हा घरखर्चाची काळजी करू नका. पैसे पाठवायचा विचार तर अजिबात नको, बाबा.

रात्री जेवणं झाली की मी जुन्या टिपणांच्या प्रती घेऊन बसते. अक्षर लागायला वेळ लागतो, पण मन रमतं. परीक्षा दिवाळीच्या आधी देतेय, म्हणजे येताना डोक्यावर ओझं नको. आई, गुडघ्याचा एक्सरे काढून झाला का ते कळव. बाबांना विचारलं की ते "सगळं ठीक" एवढंच सांगतात.

तुमची,
लेक