करवंटीचा पेला मोडीच्या भावाने जाऊ नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चांदीने मढवलेल्या नारळाच्या एका जुन्या पेल्याच्या लंडनमधील लिलावाचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. बोलीच्या रकमेला मथळ्यात जागा मिळाली, मात्र असा पेला ओळखावा कसा, याविषयी वृत्तात एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे करवंटी चुलीत जाते. युरोपात मात्र १४९८ साली पोर्तुगीजांना भारताचा जलमार्ग सापडण्यापूर्वी नारळ इतका दुर्मीळ होता की, त्यात विष उतरवण्याचा गुण आहे असे लोक मानत आणि सोनार त्याला चांदीचे कोंदण करीत. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात आणि ओरिएल कॉलेजात पंधराव्या शतकातील असे पेले आजही जपलेले आहेत. करवंटीला डाख देता येत नाही, त्यामुळे वरची चांदीची कड आणि खालची बैठक उभ्या पट्ट्यांनी जोडून करवंटी मधे आवळून धरतात.

पेल्याचे वय सांगतात ते चांदीवरचे छाप. लंडनच्या चांदीवर १४७८ पासून वर्षाचे अक्षर आणि १५४४ पासून चालता सिंह उमटवला जाऊ लागला. राजाचे अथवा राणीचे मस्तक असेल, तर ती चांदी १७८४ ते १८९० या काळातली समजावी. मात्र कड, पट्ट्या आणि बैठक यांवरचे छाप वेगवेगळे पाहावे लागतात, कारण मोडलेली बैठक बदलून नवी बसवलेली असू शकते आणि एकट्या बैठकीवरून साऱ्या पेल्याचे वय ठरवणे ही फसगत ठरते.

हे मला उशिरा कळले. माझे आजोबा इंग्रजी बोटीवर खलाशी होते आणि त्यांनी आणलेला असा एक पेला आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात असे. लहानपणी त्याच्या बैठकीखालचा सिंह मी अंगठ्याने चाचपत असे. पुढे घरात अडचण आली तेव्हा आईने तो सराफाकडे नेला. त्याने पकडीने पट्ट्या उचकटल्या, चांदी तोळ्यावर घेतली आणि तडकलेली करवंटी कागदात गुंडाळून परत दिली. ती माझ्याकडे आहे. जिथे पट्ट्या होत्या तिथे तिचा रंग अजून फिकट दिसतो. सिंहाशेजारी कोणते अक्षर होते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

ज्यांच्या घरी असा पेला असेल त्यांनी तो रांगोळीने घासू नये, त्याने छाप झिजतात; आणि विकण्यापूर्वी छापांची जवळून छायाचित्रे काढून जाणकारांना दाखवावीत. लंडनची बोली वाचून तो परस्पर परदेशी धाडण्याचा मोह कोणाला झालाच, तर शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात घ्यावे. आपणही यापुढे अशा वृत्तासोबत रकमेच्या बरोबरीने छापांचे छायाचित्र द्यावे, ही कळकळीची विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक, रत्नागिरी