फाईलवरचं नाव

वेंगुर्ला, शुक्रवार

चि. सौ. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच ठेवला. तुझे बाबा म्हणाले, पोर दिवसभर दमून आलेली असते, तिला लगेच कशाला धारेवर धरतेस? म्हणून हे पत्र. निलू रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर सोलं, आगळ आणि ईरासाठी खटखटे लाडू देतेय. आगळाच्या बाटलीचं बूच आधी बघ, मगच पिशवी आडवी कर.

कर्जाच्या फाईलवरच्या नावाचं मी काही लिहिणार नव्हते. काजूच्या कारखान्यासाठी आडेलीची शेड तू बघितलीस, भाडं तू ठरवलंस, मशीनची कोटेशनं तू आणलीस. ते बँकेतले साहेब एवढंच म्हणाले, "भावाच्या नावावर फाईल करा, लवकर सुटेल." आणि तू मला सांगतेस, अगं आई, नाव कुणाचं का असेना, चालवणार तर मीच. हे तू म्हणावंस? पाचवीत बक्षिसाच्या सर्टिफिकेटवर 'मुक्ती' लिहून आलं होतं, तर सगळ्यांसमोर स्टेजवर परत चढलीस आणि बाईंकडून खोडून घेतलंस. मी लाजेने मान खाली घातली होती. बाबा मात्र घरी येईपर्यंत हसत होते.

तुझ्या आत्येचं तुला माहीत आहे, पण पुरतं नाही. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला. आत्येने हक्कसोडावर सही केली ती त्यानंतर. एक पैठणी मिळाली, शिवाय माहेर तुटू नये म्हणून. पुढे तारकर्लीला खाणावळ काढायची तिच्या मनात आलं तेव्हा बँकेने विचारलं, तारण काय? सातबारा दाखवा. दाखवायला होतं काय तिच्याकडे? बायकांना कर्ज मिळत नाही म्हणतात, त्याची मुळी अशी तलाठ्याच्या कपाटात असते. लघुउद्योगाच्या ठराविक रकमेपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, हे तिला कुणी सांगितलंही नाही. आता ती मासे करते ते फक्त आपण गेलो की. तिच्या हातची सुरमईची आमटी खाल्लीस तेव्हा जावईबापू काय म्हणाले होते आठवतंय?

बघ, कुठून कुठे गेले.

माझं काजूच्या कारखान्यातलं तर तुला पाठच आहे. फोडायला आणि साल काढायला आम्ही बायका, भट्टीवर आणि काट्यावर पुरुष. त्यांना महिन्याचा पगार, आम्हाला किलोवर. समान वेतनाचा कायदा १९७६ चा, म्हणजे तेव्हाही होताच. पण कायदा म्हणायचा सारख्या कामाला सारखे पैसे. मालकाने काम वेगळं आहे म्हटलं की मिटलं. टरफलाचं तेल लागून कातडी सोलायची, म्हणून हाताला राख फासून बसायचो. एका दाबात टरफल उघडून गर आख्खा काढायचा. पाकळी झाली की भाव उतरला. नुसत्या बोटांनी सांगायचे मी, हा गर दोनशे चाळीस नंबरच्या प्रतीचा, हा तीनशे वीसचा. नवीन मुलगा आला की प्रतवारी त्याला आम्हीच शिकवायची, आणि पुढच्या हंगामात तो आमचा मुकादम. हजेरीच्या वहीत माझ्या रकान्यात लिहिलेलं असायचं 'वसंतची बायको'. पैसे माझे, मोजून मी घ्यायचे, सहीही माझी. नाव तेवढं नाही.

तुझ्या कंपनीत तरी वेगळं काय झालं? ईराच्या वेळी सव्वीस आठवड्यांची रजा कायद्याने मिळाली, पण परत गेलीस तेव्हा टीम दुसऱ्याच्या हाताखाली. २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या क्लॉडिया गोल्डिनबाईंचं तूच मला वाचायला पाठवलं होतंस, की पहिल्या मुलानंतर बाईची कमाई मागे पडते ती पडतेच. तेव्हा मला वाटलं, हे कळायला अमेरिकेपर्यंत जायला हवं होतं का! असो. त्या बाईंनी दोनशे वर्षांचे आकडे जमवले, थट्टा करायला नको.

आता हिशेबाचं. बचत गटाच्या बैठकीला ओरोसला गेले होते तेव्हा उद्योग केंद्रात विचारून आले. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात गावात उद्योग काढला तर खुल्या गटातल्या पुरुषाला २५ टक्के अनुदान, बाईला ३५. त्याने स्वतःचे १० टक्के घालायचे, तिने ५. तुझा प्रकल्प तीस लाखांचा. निलूच्या नावावर केलास तर तीन लाख तिथेच सोडलेस, आणि वर घालायचे दीड लाख जास्त. साहेबांना फाईल लवकर सोडवायची आहे की काय सोडवायचं आहे, त्यांनाच ठाऊक.

मात्र उलटंही चालतं हं आपल्याकडे. बायकोच्या नावावर अनुदान, गल्ल्यावर नवरा. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, तरी दाखला मागायला गेलं की सरपंचबाईंचे यजमान विचारतात, काय काम होतं? म्हणून नुसतं नाव घालून भागत नाही, हेही कळतं मला. म्हसवडच्या बायकांनी बँक काढायची ठरवली तर अंगठे बघून रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. त्या लिहायला शिकल्या, परत गेल्या, आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब तोंडी विचारा. १९९७ साली माणदेशी बँक उभी राहिली. तुला तर व्याज कॉम्प्युटरवर करता येतं.

पुन्हा भाषण झालं. माफ कर गो.

खरं सांगायचं तर भीती वेगळीच आहे. नाव तुझं असलं म्हणजे हप्ता चुकला की नोटीसही तुझ्याच नावाने येणार. बीचा भाव एका पावसाने पडतो, मोहोर करपला की बाग कोरी जाते. रात्री जाग येते तेव्हा मलाच वाटतं, राहू दे, निलूच्या नावावर होऊ दे, तो पुरुष आहे, निभावेल. सकाळी उठले की स्वतःचाच राग येतो. निभावलंय कोणी आजवर या घरात?

तू ओरोसला जाशील तेव्हा मी येते बरोबर. बोलणार नाही मध्ये. बहुतेक.

जावईबापूंना नमस्कार, ईराला पापा.

तुझी
आई

ता. क. निलूला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. साहेबांनी त्यालाही फोन केला होता, तो "बघतो" म्हणालाय. तो तुझ्याकडे जेवायला बसेल तेव्हा तूच काय ते सांग, आणि त्याच्या 'ताईच्या भल्यासाठी'ला ऐकू नकोस.