स्लाइड्स परत घेऊन ये

॥ श्री ॥

दांडिया बाजार, बडोदे
१२ जुलै

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

थायरॉइडच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले तरी आवाज घोगराच निघतो. दोन वाक्यं बोललो की घसा थकतो. रविवारी तू बोलत राहिलीस, मला जे म्हणायचं होतं ते घशातच राहिलं, आणि शेवटी "तुला काय करायचं ते कर" एवढंच बोलून मी फोन आईच्या हातात दिला. तसं बोलायला नको होतं. म्हणून लिहायला बसलो. तू म्युनिकला जायचं की नाही हा विषय काढणार नाही, असं आईला कबूल केलं आहे.

प्रकृती ठीक. टाक्यांची जागा ओढल्यासारखी वाटते, कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत, बोटांना मुंग्या येणं थांबलं. किरणोत्सारी आयोडीनचा डोस पुढच्या महिन्यात अहमदाबादला. त्याआधी दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद, म्हणजे बाहेरचं फरसाण, सेव-उसळ सगळंच बंद. आईने साधं मीठ शोधून आणलं आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवली. विजूआत्या रोज संध्याकाळी येते, बापूंच्या वेळेला बसायची तशीच दाराजवळच्या खुर्चीत बसते. तिला ती खुर्ची बदलायला सांगायचं माझ्या जिभेवर येतं, पण सांगवत नाही.

आता माझ्या गाठीच्या पेशींच्या स्लाइड्सबद्दल. तू नेल्यास तेव्हा "दुसरं मत घेते" म्हणालीस. मी स्वतः त्या कापसात गुंडाळून तुझ्या लहानपणच्या कंपासपेटीत घालून दिल्या. त्या तू स्वतः बघशील हे माझ्या मनातच आलं नाही. सकाळी साडेसहाला तुझा फोन आला तेव्हाच मी ओळखलं की तू रात्रभर झोपलेली नाहीस. "बाबा, अगदी पुस्तकातल्यासारखी आहेत," एवढं म्हणालीस आणि पुढे बोललीच नाहीस. कॉफीच्या बीसारखी मधोमध रेघ पडलेली केंद्रकं, काही आतून धुतल्यासारखी रिकामी. या जातीचा थायरॉइडचा कॅन्सर केंद्रकाच्या रूपावरूनच ओळखतात, हे तूच मला ऑपरेशनआधी समजावलं होतंस, मला धीर यावा म्हणून. धीर आलाही होता. ज्या गोष्टीच्या मागे माझी मुलगी अकरा वर्षं लागली आहे त्याच गोष्टीने माझा आजार ओळखला, याचा मला खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. पण अपरात्री एकटीने बापाच्या पेशी बघत बसायचं, हे नको होतं, मृण्मयी. रात्री एकटी लॅबमध्ये बसू नकोस. निदान हे पत्र मिळाल्यावर तरी बसू नकोस.

हॉलमधली छापखान्यातल्या खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या अक्षरांची, केस अजून तिथेच आहे. प्रेस बंद झाला तेव्हा मालकांनी पगाराच्या बाकीत ती मला दिली. तू सहा वर्षांची असताना एका दुपारी सगळे खिळे उपसलेस आणि तुझ्या नावाला लागणारे तेवढे एका खान्यात आणून ठेवलेस. मृ, अर्धा ण, म, य, दीर्घ वेलांटी. मी घरी आलो आणि तुझ्या हातावर फटका मारला. कंपोझिटरच्या केसमध्ये खिळ्याची जागा हलवायची नसते, एवढंच मला त्या वेळी दिसलं. क, र, त, न, आ-चा काना हे सतत लागणारे खिळे हाताशी, ज्ञ आणि ङ कडेला, भिंतीजवळ. डोळे मिटून हात जायला हवा. तू रडत म्हणालीस, "पण मला हेच लागतात." तो फटका मी आजवर विसरलेलो नाही. तू बहुधा विसरलीस.

हैदराबादला गेल्यावर पहिल्या दिवाळीत तू याच केससमोर उभी राहून मला केंद्रक शिकवलंस. दोन मीटर लांबीचा धागा, आणि ज्यात तो मावतो ते केंद्रक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान. पण तो कोंबलेला नसतो, मांडलेला असतो. प्रत्येक गुणसूत्राची आपली हद्द असते. क्रेमर नावाच्या दोघा भावांनी जर्मनीत बारीक किरणाने केंद्रकातला एक ठिपका जाळून पाहिला, तर इजा मोजक्याच गुणसूत्रांना झाली. सगळी एकमेकांत गुंतलेली असती तर सगळ्यांनाच झाली असती. मग तू एकोणिसावं आणि अठरावं दाखवलंस: आकाराने जवळपास सारखी, पण कामाच्या जनुकांनी भरलेलं १९ मधोमध, आणि बरंचसं मुकं १८ कडेला, भिंतीजवळ. मी म्हणालो, म्हणजे ङ. तू हसलीस आणि मला मिठी मारलीस. सगळा जन्म मी जे हाताने केलं ते काय होतं, हे मला त्या दिवशी माझ्या मुलीने सांगितलं. वीणा पारनाईकांचं नावही मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत त्यांनी केंद्रकाच्या त्या आतल्या अस्तरावर, लॅमिनवर, वर्षानुवर्षं काम केलं, आणि आडनाव ऐकून मी सगळ्या दांडिया बाजारात सांगत सुटलो होतो.

थायरॉइडची गोष्टही तूच सांगितलेली आहे. दहाव्या गुणसूत्रावर रेट नावाचं आणि आणखी एक अशी दोन जनुकं, लांबीने मोजलं तर दीड कोटीहून जास्त अक्षरांचं अंतर. पण थायरॉइडच्या निरोगी पेशी तपासल्या तेव्हा त्यांतल्या ३५ टक्क्यांत ती दोघं शेजारी बसलेली सापडली. २००० सालचा तो शोधनिबंध. म्हणूनच किरणोत्साराने धागा तुटला की या पेशीत ही दोन टोकं चुकीची जुळतात. चेर्नोबिलनंतर तिथल्या मुलांत हेच झालं. दुसऱ्या अवयवात तीच दोन जनुकं इतकी जवळ नसतात. प्रत्येक पेशी आपल्याला काय लागतं त्याप्रमाणे मांडते. तू सहाव्या वर्षी रडत मला हेच सांगत होतीस.

बघ, पत्र प्रकृतीचं लिहायला घेतलं होतं.

तुझं ते रसायन उंदरांत चाललं नाही, हे तू मला न सांगता आईला सांगितलंस. तीन वर्षं. ३८४ खळग्यांच्या प्लेटा, सोळा ओळी, चोवीस खाने, आणि प्रत्येक खळग्यातल्या केंद्रकांचे फोटो यंत्राने काढायचे, वेडंवाकडं झालेलं केंद्रक कुठे परत गोल होतंय ते शोधायचं. मला वाटतं तुझ्या मनात आहे ते इथून सुरू झालं, माझ्या गळ्यापासून नाही. माझा आजार तुला थांबायला कारण म्हणून मिळाला. हे लिहायला कठोर आहे, पण खोडत नाही. लोनाफर्निब या औषधाचं तूच सांगितलं होतंस: काढलं कॅन्सरसाठी, तिथे निभलं नाही, आणि २००३ साली अकाली म्हाताऱ्या होणाऱ्या मुलांत लॅमिनचा दोष सापडल्यावर त्याच औषधाने त्यांच्या पेशींची केंद्रकं पुन्हा सुधारलेली दिसली. २०२० साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. एका खान्यात न लागलेला खिळा फेकून द्यायचा नसतो. पण तू हे सोडून बडोद्याला येऊन बसलीस, तर हे पुढे कोण बघणार?

बाबासाहेब १९१३ च्या जानेवारीत बडोद्यात नोकरीला आले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली, ते मुंबईला गेले, फेब्रुवारीत रामजी सुभेदार वारले. आणि त्याच वर्षी ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकायला गेले. हे गाव माणसांना बाहेर पाठवणारं आहे. आपल्यासारख्या घरातून

इथे थांबलो होतो. आईने वाचलं आणि म्हणाली, पोरीला हे उदाहरण देता? तिचं बरोबर आहे. मी मरायला टेकलेलो नाही, आणि तुला शिकवणी द्यायला हे पत्र नाही. क्षमा कर. डॉक्टर म्हणतात या जातीत बहुतेक लोक बरे होतात. माझं वय बहात्तर म्हणून जरा जास्त जपायचं, एवढंच. रेट बिघडलेला निघाला तर त्यावर गोळी आहे, हेही तूच सांगितलंस. मी रात्री उठून गळ्यावर हात ठेवतो, ते आईला माहीत आहे. तुला माहीत नव्हतं, आता झालं.

१९८२ साली कमल रणदिव्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा आमच्या प्रेसमध्ये त्यांच्यावर एक मजकूर आला होता. मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, असा. ऊतिसंवर्धन हा शब्द इतक्यांदा होता की ऊ चे खिळे संपले. एक पान छापून, खिळे सोडवून, धुऊन मग पुढचं पान जुळवलं. शब्दाचा अर्थ मला कळला नव्हता. तेव्हा तू नव्हतीस. पण ते पान मी आजही जपून ठेवलं आहे, माळ्यावरच्या निळ्या ट्रंकेत, अण्णांच्या कागदांखाली.

सेंट्रल लायब्ररीतला काचेच्या फरशीचा मजला तुला आठवतो का? तू खाली उभी राहायचीस आणि वरून चालणाऱ्या माणसांच्या सावल्या बघायचीस, पाऊल कुठे पडतं ते. "बाबा, त्यांना माहीत नाही मी बघतेय." तुला तिथून हलवायला मला लाच म्हणून सूरसागरपाशी शेंगा घ्याव्या लागत. मला आता वाटतं, मी तुला थोडा वेळ आणखी बघू द्यायला हवं होतं.

म्युनिकचं लिहिणार नव्हतो. चार ठिकाणी लिहिलं गेलं, तर पाचव्यांदा सरळच लिहितो. तू जा. तू गेलीस तर मला करमणार नाही, आयोडीननंतर त्या खोलीत एकट्याने राहायचं आहे त्याची मला भीती आहे, आणि दारात तू उभी असावीस असं मला वाटतं. हे सगळं खरं आहे. तरी जा.

गणपतीला ये. चार दिवस पुरे. मोदक आई तुझ्याकडून वळून घेणार आहे. बॅगा म्युनिकच्या भरूनच ये. इथून तुला मुंबईच्या गाडीत मी बसवून देईन. तोवर आवाज येईल.

तुझा,
बाबा

ता. क. स्लाइड्स परत घेऊन ये. इथल्या डॉक्टरांना हव्या आहेत असं मी तुला फोनवर म्हणालो होतो, ते खरं नाही. त्या तुझ्या टेबलावर राहायला नको आहेत मला.