बर्फाने राखलेला काठ : बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा प्रबंध विद्यापीठाकडे सादर झाला. आभाराच्या पानावर तुमचा उल्लेख एका ओळीत आला आहे आणि ती ओळ मला फार अपुरी वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. अमेरिका आणि कॅनडातून वाहणाऱ्या सेंट जॉन नदीच्या काठावर आपण जे बोललो ते सगळे मराठीत बोललो, तेव्हा आभारही मराठीतच मानावेत, असे मनापासून वाटले.

पहिल्या उन्हाळ्यात मी वहीत या काठाची नोंद 'उजाड' अशी केली होती. मी सांगलीचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या घरात शिरले होते, त्यामुळे पुराने धुऊन निघालेली जमीन म्हणजे नुकसान, याखेरीज मला त्या गोट्यांत काही दिसतच नव्हते. तुम्ही ती नोंद वाचलीत, पण खोडली नाहीत; 'गुडघे टेकून बघ,' एवढेच म्हणालात. वितीभर जागेत, दोन गोट्यांमधल्या ओल्या गाळात, बोटभर दांड्यावर फिकट जांभळी प्रिम्युला फुलली होती, तिच्या शेजारी गवताची खुरटी ठोंबे होती आणि पार्नेशियाची गोल, गुळगुळीत पाने नुकती वर येत होती. चुनखडीयुक्त जमिनीवर वाढणारी, थंडी सोसणारी पण सावली अजिबात न सोसणारी ही मंडळी वरच्या फर आणि स्प्रूसच्या जंगलात जगूच शकत नाहीत, हे तुम्ही तिथेच बसून समजावून सांगितलेत.

मग तुम्ही मला एका अल्डरच्या खोडावर हात ठेवायला लावलात. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, छातीच्या उंचीवर, साल सोलून निघाली होती आणि जखमेच्या कडा जाड होऊन वळल्या होत्या; खालच्या अंगाची साल मात्र शाबूत होती. एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटतो, त्याचे तुकडे एकमेकांवर चढून अडतात, मागे पाणी तुंबते आणि मग तो सगळा लोंढा काठ खरवडत निघून जातो, हे मी पुस्तकात वाचले होते. तो लोंढा किती उंचावरून गेला ते मला त्या सालीवर तळव्याने कळले. तो गेला नसता तर अल्डर आणि विलो पाण्यापर्यंत उतरल्या असत्या आणि त्यांच्या सावलीखाली प्रिम्युला राहिली नसती.

फर्बिश लाऊजवर्टचे गणितही तुम्हीच सोपे करून दिलेत. ही वनस्पती जगात केवळ याच नदीच्या काठी, अमेरिकेतल्या मेन आणि कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात आढळते. तिची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून काही अन्न घेतात आणि रोपाला पहिले फूल यायला किमान तीन वर्षे लागतात. बर्फाने दरवर्षी काठ खरवडला तर बी धरण्याआधीच रोप जाते, आणि फार वर्षे खरवडला नाही तर झुडपे तिला झाकून टाकतात. म्हणून एका वळणावरून ती नाहीशी होते आणि दुसरीकडे, नुकत्या मोकळ्या झालेल्या ओल्या मातीत, पुन्हा रुजते. एकच तुकडा कुंपण घालून जपला तर ती वाचणार नाही, तिला अख्खी वाहती नदी लागते, हे माझ्या प्रबंधाचे मध्यवर्ती विधान आहे आणि त्याचे मूळ तुमच्या त्या दुपारच्या बोलण्यात आहे.

केट फर्बिश यांची गोष्ट सांगताना तुमचा आवाज बदलायचा. 1880 मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्या मेनच्या उत्तर टोकाला वनस्पतींची चित्रे काढत हिंडत होत्या आणि तेव्हा त्यांना ही वनस्पती सापडली. पुढे ती नामशेष झाली असे मानले गेले. 1976 मध्ये डिकी-लिंकन धरणासाठी पाहणी चालू असताना ती पुन्हा दिसली, आणि जे धरण तिचा बराचसा काठ बुडवणार होते ते अखेर बांधलेच गेले नाही. न्यू ब्रन्सविकमधल्या फ्रेडरिक्टन शहराच्या वरच्या अंगाला मात्र याच नदीवर 1968 मध्ये मॅक्टाक्वॅक धरण झाले. तिथला संथ, भरलेला जलाशय दाखवून तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. आणि मग कोकणातल्या नद्यांच्या खडकाळ पात्रात पुराच्या पाण्याखाली वाकून उभ्या राहणाऱ्या शेरणी या झुडपाबद्दल बोलू लागलात. त्या दिवसापासून दोन्हीकडच्या नद्या मी एकाच नजरेने पाहू लागलो.

बाई, यंदाच्या एप्रिलमध्ये आपल्या मोजणीच्या तुकड्याचा खालचा भाग बर्फाने पूर्ण खरवडून नेला. आपण ठोकलेल्या खुंट्यांपैकी दोनच उरल्या आहेत. वहीत मी 'मोकळी, ओली माती' अशी नोंद केली आहे. जुलैच्या अखेरीस, लाऊजवर्टची पिवळी फुले उमलली की, पुन्हा मोजणीला जाणार आहे. तुमच्या गुडघ्यांना झेपणार असेल तर सोबत यावे, ही नम्र विनंती. उतारावर धरायला काठी आणि बसायला सतरंजी मी घेऊन येईन.

तुमचा कृतज्ञ विद्यार्थी